गॅसवर मस्त, पेट्रोलवर मिस मारते: इंजेक्टर धुवायचा की बदलायचा?

सीएनजी गाडीचा हा ठरलेला आजार आहे. गाडी दिवसभर गॅसवर पळते, पेट्रोल लागतं ते सकाळी सेल मारल्यावर पहिला एखादा किलोमीटर. मग एक दिवस गॅसच्या पंपावर रांग असते, गाडी पेट्रोलवर टाकावी लागते आणि ती झटके खायला लागते. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) गेले, चारही बदला. धुऊन घ्या म्हणणारेही भेटतात, पण तीन महिन्यांनी गाडी परत तिथेच येते, कारण घाण जिथून आली ती जागा कुणी बघितलेली नसते.

इथलं सगळं साध्या एमपीएफआय पेट्रोल इंजिनासाठी आहे. म्हणजे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) फवारा मारतो, सिलिंडरच्या आत नाही. कंपनी फिटेड सीएनजी असो वा बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (दर सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) किट, दोन्हींना लागू. थेट सिलिंडरमध्ये फवारणारी टर्बो पेट्रोल इंजिनं आणि कॉमन रेल डिझेल यांचं घरी काहीही करायचं नाही. कारण पुढे दिलं आहे.

लक्षणं

इंजेक्टर चोंदलेला असेल तर असं दिसतं:

- सकाळी सेल लांबतो. सुरू झाल्यावर मिनिटभर गाडी थरथरते आणि गॅसवर पडली की एकदम शांत होते.
- पेट्रोलवर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी दबते, मग झटक्याने उचल घेते.
- सपाटीवर ठीक चालते, पण घाटात किंवा पुलाच्या चढावर दम टाकते.
- चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड पी०१७१ (मिश्रण पातळ) किंवा पी०३०० ते पी०३०४ (मिसफायर) असतो.

इंजेक्टर गळका असेल तर चित्र उलटं. पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरचं तोंड काजळीने काळं होतं, आणि गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करायला गेलं की खूप सेल मारावा लागतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी चढलेली दिसत असेल तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

सीएनजी गाडीलाच हे जास्त का होतं

इंजिन बंद केल्यावर पुढचा अर्धा तास इंजेक्टरचं टोक चांगलंच तापतं, कारण थंड हवाही नाही आणि वाहतं पेट्रोलही नाही. टोकाशी अडकलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग राळेसारखा चिकटून बसतो. रोज पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या फेरीला ताजं पेट्रोल हा थर बराचसा धुऊन नेतं. गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर तासन्तास बंद असतात, इंजिन मात्र तापलेलंच. त्यातून टाकीत तेच पाच लिटर पेट्रोल चार-चार महिने पडून.

असा इंजेक्टर उन्हात धरून बघा. टोकाच्या चकतीवर काताच्या रंगाचा चकचकीत थर असतो. नखाने निघत नाही, बोटाला किंचित चिकट लागतो. चकतीवरची भोकं साधारण ०.२ मिलिमीटरची, दोन-तीन केसांएवढी जाड. तिथे एवढासा राप बसला तरी फवाऱ्याची धार होते.

१. गाडी कशावर बिघडते ते आधी ठरवा (फुकट)

इंजिन पूर्ण गरम करा. एकाच रस्त्यावर, एकाच गियरमध्ये आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर पाच-पाच किलोमीटर चालवा.

दोन्हींवर मिस मारत असेल तर इंजेक्टरचा विचार सोडा. प्लग, कॉइल, मॅनिफोल्डची हवागळती, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी आहे. फक्त गॅसवर मारत असेल तर प्लग, गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा गॅसची रेल (गॅसच्या इंजेक्टरना गॅस पुरवणारी नळी). फक्त पेट्रोलवर मारत असेल तरच पुढे वाचा.

या चाचणीला एवढं वजन का? सीएनजी पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर गाडी आधी गॅसवर कुरकुरते. जी गाडी गॅसवर चढावरसुद्धा साफ ओढते, तिचे प्लग बदलून पेट्रोलवरचे झटके जाणार नाहीत. चालकाकडे दोन इंधनांची ही फुकटची तुलना असते आणि तीच कुणी वापरत नाही.

२. पेट्रोल किती जुनं आहे?

टाकीत कमी पेट्रोल, वर भरपूर हवा आणि दोन-तीन महिने पडून, म्हणजे ते शिळं झालं असं धरून चला. शिळ्या पेट्रोलचा वास झणझणीत नसतो, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस येतो. १० ते १५ लिटर ताजं पेट्रोल भरा, बटण पेट्रोलवर ठेवा आणि सलग ५० ते ६० किलोमीटर चालवा, शक्यतो हायवेला. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. आता मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतात, आणि पंपाची जाळीही तळाशीच असते. पुढे कधी इंधनाची लाइन सोडवाल तेव्हा निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली किंवा सगळंच दुधाळ वाटलं तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. तोवर इंजेक्टर कितीही धुवा.

३. कान लावा (एक लांब स्क्रू ड्रायव्हर)

चावी फिरवा, सेल मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज आणि रिले बघा.

आता इंजिन सुरू करा. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही लांब ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरच्या अंगावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला. टिकटिक सगळीकडे सारखी हवी. एखादी बोदी वाटली तर तो इंजेक्टर आत अडकतोय. एखादा पूर्ण गप्प असेल तर त्याला वीज मिळत नाही किंवा त्याची कॉइल गेली आहे.

बटण पेट्रोलवरच आहे ना, ते आधी बघा. गाडी गॅसवर पडली की पेट्रोलचे इंजेक्टर आपोआप गप्प होतात. तेवढ्यावरून ‘चारही मेले’ असं सांगितलेल्या गाड्या असतात.

४. स्कॅनर लावा

साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. बघायचे आकडे दोनच: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालतं. अधिक १५-२० च्या वर गेलं तर संगणक पेट्रोल वाढवून वाढवून दमलाय.

पण सीएनजी गाडीत हा आकडा फसवतो. बाहेरून बसवलेली बरीच सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या संगणकाने ठरवलेल्या वेळेलाच गुणून गॅस सोडतात. गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर पेट्रोलचा संगणक गॅसवर चालताना चुकीची दुरुस्ती शिकतो आणि गाडी पेट्रोलवर आली की तीच वापरतो. मग पहिले काही किलोमीटर झटके आणि नंतर हळूहळू सुधारणा. हे दिसलं तर इंजेक्टर निर्दोष आहे, किटचं ट्यूनिंग करून घ्या. म्हणून ट्रिम वाचायचं ते पेट्रोलवर २५-३० किलोमीटर चालवल्यावर.

त्यानंतर दोन ठिकाणी वाचा: आयडलला आणि २५०० आरपीएमला. आयडलला खूप अधिक आणि २५०० ला जवळपास ठीक, तर मॅनिफोल्डमधून हवा आत येतेय. लोड वाढेल तसा आकडा वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा चोंदलेले इंजेक्टर. आणि ई२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) पडणारा फरक यातून वजा करा. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे ई१० साठी जुळवलेल्या गाडीत अधिक ४-५ टक्के ट्रिम ई२० वर स्वाभाविक आहे, तो दोष नाही.

कोड एकाच सिलिंडरचा असेल, समजा पी०३०२, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला तर कॉइल. दोनवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही जागचा हलला नाही तर संशय इंजेक्टरवर, त्याच्या वायरवर किंवा त्या सिलिंडरवर.

५. मल्टिमीटर आणि वायरिंग

इंजिन थंड, चावी बंद. इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि इंजेक्टरच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा. एमपीएफआय पेट्रोल इंजेक्टरला साधारण ११ ते १६ ओहम येतो, बहुतेकांचा १२ ते १४ च्या आसपास. सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या एका ओहमच्या आत असावेत. मीटरवर काहीच येत नसेल तर कॉइल तुटली, दोन-तीन ओहम आला तर शॉर्ट झाली. अशा इंजेक्टरला कुठलंही औषध नाही, तो बदलायचा. गॅसच्या रेलचे इंजेक्टर मात्र मुळातच कमी ओहमचे असतात. चुकून तिथे मीटर लावून घाबरू नका.

आता कनेक्टर. चावी चालू केल्यावर एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज यायला हवं. दुसरी पिन संगणक टपटप जमिनीशी जोडतो. ते बघायला नॉइड लाइट नावाचा छोटा दिवा कनेक्टरमध्ये खोचून इंजिन पेट्रोलवर फिरवायचं. दिवा लुकलुकला पाहिजे.

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत खरा चोर इथेच असतो. गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा इम्युलेटर कंपनीच्या वायरी कापून मध्ये बसवलेला असतो. ते जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले असतील तर दोन पावसाळ्यांत वायरीवर हिरवा थर चढतो. इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून तो जुडगा हाताने हळूच हलवा. मिसिंग कमी-जास्त झालं तर जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक चढवा. खर्च नगण्य, आणि चार इंजेक्टरचे पैसे वाचतात.

६. बाटलीतलं औषध

इथपर्यंत वायरिंग ठीक, कॉइल ठीक, पेट्रोल ताजं आणि झटके थोडेसेच उरले असतील, तर टाकीत ओतायचा क्लीनर वापरून बघण्यात अर्थ आहे. पॉलीइथरअमाइन, म्हणजे पीईए असलेला घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. जमलेला राप विरघळवणारा घटक तोच. डोस डब्यावर दिलेल्या लिटरच्या हिशेबाने, दुप्पट नाही.

गंमत अशी की लोक बाटली ओततात आणि पुन्हा गॅसवर पळवतात. औषध टाकीत, आजार रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) टोकाला. ती टाकी पेट्रोलवर चालवूनच संपवायची. दोन टाक्यांत फरक पडला नाही तर तिसरी बाटली आणू नका.

७. प्रेशर

इंजेक्टर काढण्याआधीची ही शेवटची पायरी आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी. एमपीएफआय गाड्यांत रेलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या रेलला मीटरसाठी वेगळं तोंड नसतं, लाइनमध्ये टी-जोड घालावा लागतो. मीटर आणि योग्य जोड नसेल तर गॅरेजमध्ये मोजून घ्या, पाइप कापून जुगाड करू नका.

प्रेशर कमी असेल तर पंप किंवा टाकीतला फिल्टर. पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. सीएनजीवाले कायम रिझर्व्हवर ठेवतात आणि तो तापून कमजोर होतो. प्रेशर बरोबर आहे पण इंजिन बंद केल्यावर भराभर उतरतं, तर एखादा इंजेक्टर गळतोय किंवा पंपाचा वन-वे व्हॉल्व्ह गेलाय. बरोबरही आहे आणि टिकूनही राहतं, तर आता इंजेक्टर काढा.

काढणं आणि धुणं

आधी इंजेक्टर मोजा. मारुतीच्या ड्युअलजेटसारख्या इंजिनात दर सिलिंडरला दोन असतात, म्हणजे चार सिलिंडरला आठ. तिथे घरच्या धुण्याचा खटाटोप परवडत नाही, सरळ फ्लो बेंचवर (इंजेक्टरचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) द्या.

लागणारं सामान: नव्या ओ-रिंगचा, म्हणजे इंजेक्टरच्या रबरी सील रिंगचा संच (व्हायटॉनच्या, इथेनॉलला त्या टिकतात), कार्ब क्लीनरचे एक-दोन कॅन, इंजेक्टरच्या वरच्या तोंडावर घट्ट बसेल अशी सिलिकॉन नळी आणि क्लॅम्प, ९ व्होल्टची बॅटरी, दाबायचं बटण, दोन मीटर वायर, काचेची बरणी, मऊ टूथब्रश, गॉगल, नायट्राइल हातमोजे आणि हाताशी सुक्या पावडरचं अग्निशामक. जागा मोकळी हवी. बंद पार्किंग, तळघर, जवळ गिझर किंवा देवाचा दिवा, यातलं काहीही नको.

१. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गॅसच्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, बटण पेट्रोलवर.

२. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल. दोन वेळा दोन-तीन सेकंद सेल मारा. रेलमधलं प्रेशर उतरलं. आता बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

३. इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशने आणि हवेने साफ करा. घाईत हीच पायरी सुटते. इंजेक्टर उपटला की तिथली वाळू थेट इनटेक व्हॉल्व्हवर पडते.

४. कनेक्टर काढून त्यांना क्रमांक द्या. लाइनच्या क्विक कनेक्टरखाली फडकं धरा, प्रेशर उतरलं तरी थोडं पेट्रोल सांडतंच. रेलचे बोल्ट सोडवून रेल सरळ वर, दोन्ही बाजूंनी सारखी उचला. प्लास्टिक मॅनिफोल्डवर टेकू देऊन उचकटू नका. उघडी भोकं धागे न सुटणाऱ्या कापडाने झाका.

५. इंजेक्टर रेलमधून काढा, ओ-रिंग काढून टाका. वरची आणि खालची वेगळ्या मापाची असते, नव्या लावताना अदलाबदल नको. जुन्या परत वापरायच्या नाहीत. क्लीनरने त्या फुगतात.

६. वरच्या तोंडात टोपणाएवढी बारीक जाळी दिसेल. स्वच्छ असेल तर हात लावू नका. तपकिरी गाळ भरलेला असेल आणि नवी जाळी जवळ असेल, तरच एम३ चा स्क्रू दोन आटे आत फिरवून ओढून काढा. जाळीशिवाय इंजेक्टर परत बसवायचा नाही.

७. टोक टूथब्रश आणि क्लीनरने घासा. सुई, तार, पॉलिश पेपर यातलं काही लावलंत तर भोक कायमचं वाकडं झालं समजा.

८. बॅटरीची जोडणी आधी पूर्ण करा आणि बटण फवाऱ्यापासून मीटरभर लांब ठेवा. वायर जोडताना उडणारी ठिणगी आणि कार्ब क्लीनरची वाफ एकत्र आली की आग लागते. या कामातला सगळ्यात मोठा धोका तोच. मगच नळीतून क्लीनरचा दाब द्या, इंजेक्टरचं टोक बरणीत. बटण अर्धा सेकंद दाबा, एक सेकंद सोडा. वीस-पंचवीस वेळा झालं की दोन मिनिटं थांबा, पुन्हा करा. बटण दाबून धरायचं नाही. या कॉइल टिकटिक करण्यासाठी बनवलेल्या असतात, सलग वीज दिली तर तापून जातात.

रेल इंजिनाबाहेर लटकवून पंपानेच पेट्रोल फवारून बघण्याचे व्हिडिओ दिसतात. ते करू नका, गरम वायरिंगच्या शेजारी पेट्रोलचं धुकं तयार होतं.

बरणीत काय दिसतं ते नीट बघा. चांगला इंजेक्टर पिठीसारखा, सगळीकडे सारखा पसरलेला शंकू टाकतो, आणि बटण सोडलं की टोक लगेच कोरडं. वाईट इंजेक्टर पिचकारीसारखी एकच धार मारतो, किंवा एका बाजूला झुकून फवारतो, किंवा सोडल्यावर टोकाला थेंब फुगून लोंबतो. तीन-चार फेऱ्यांनंतरही थेंब येतच असेल तर आतली व्हॉल्व्हची बैठक (सीट) झिजलीय किंवा पाण्याने खाल्लीय. तिथे धुणं थांबवा.

ही चाचणी ढोबळ आहे. कॅनचा दाब रेलइतका नसतो. इथे गळतो तो नक्की खराब, पण इथे गळला नाही म्हणून तो पास झाला असं नाही. किती मिलिलिटर सोडतो तेही हाताने बटण दाबून कळत नाही. ते सांगतं अल्ट्रासोनिक टाकी आणि फ्लो बेंच असलेलं दुकान. चष्मे धुवायचं छोटं अल्ट्रासोनिक यंत्र या कामाला फार कमजोर.

परत बसवताना नव्या ओ-रिंगना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सरळ दाबा. कोरडी रिंग चिरते, मग वरून पेट्रोल गळतं किंवा खालून हवा शिरते. एम६ बोल्ट असतील तर साधारण १० न्यूटन मीटर, त्याहून जोर नको. फ्यूज आणि बॅटरी जोडा. सेल न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवा. डाग दिसला तर सगळं परत उघडा. ‘थोडंसंच ओलं आहे’ असं पेट्रोलच्या बाबतीत म्हणायचं नसतं. कोरडं असेल तर सुरू करा, स्कॅनरने शिकलेले ट्रिम पुसा आणि २५-३० किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

मग बदलायचा कधी?

कॉइल तुटली किंवा शॉर्ट, पिन मोडली, अंगातून पेट्रोल झिरपतंय, धुतल्यावरही टोकाला थेंब येतो, किंवा बेंचवर धुतल्यानंतरही बाकीच्यांपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून जास्त वेगळा: या पाचांपैकी काहीही असेल तर बदला, घासाघीस नको. नुसता राप, शिळं पेट्रोल, सगळे सारखेच मंद, असं असेल तर धुणंच योग्य. राप चढलेला इंजेक्टर खराब नसतो.

बेंचवर देताना तीन गोष्टी लिहून मागा: प्रत्येक इंजेक्टरचे आधीचे आणि नंतरचे मिलिलिटर, फवाऱ्याचा आकार, गळतीचा निकाल. नंतरच्या आकड्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. कागद देत नाही तिथे देऊ नका. ‘इंजेक्टर क्लीनिंग’च्या बिलावर थ्रॉटल बॉडीत स्प्रे मारून देण्याची पद्धत सर्रास आहे. थ्रॉटल साफ झाल्याने आयडल सुधारतं, इंजेक्टर तसाच राहतो.

एकाचीच कॉइल गेली आणि बाकीचे बेंचवर सारखे आले तर एकच बदला. गाडी लाखाच्या पुढे चालली आहे आणि दोन गळतायत, तर संच बदलणं स्वस्त पडतं, कारण रेल परत परत उतरवण्याची मजुरी आणि ओ-रिंग वाचतात. घेताना जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवा. ‘याच इंजिनाचा आहे’ हे पुरत नाही. एकाच इंजिनाच्या बीएस४ आणि बीएस६ रूपात इंजेक्टर वेगळा असू शकतो, कनेक्टर बसतो आणि प्रवाह जुळत नाही. बिनाडब्याचा स्वस्त संच आणण्यापेक्षा धुतलेले जुने अस्सल केव्हाही बरे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गॅसचा वास येत असेल तर इंजेक्टर वगैरे सगळं सोडा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी मोकळ्यात ढकला आणि अधिकृत सीएनजी फिटरला बोलवा. टाकी भरलेली असताना त्या लाइनमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो, तिथला नट घरी सोडवायचा नाही.

चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर पेट्रोलवर चालवणं बंद. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि त्याची किंमत इंजेक्टरच्या संचापेक्षा किती तरी जास्त.

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये दाब शंभर बारच्या वर असतो आणि टोकाचं टेफ्लॉन सील बसवायला खास हत्यार लागतं. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. ती धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. शिवाय बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याचा कोड संगणकात भरावा लागतो.

इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये अडकून हलत नसेल, तेव्हाही हात थांबवा. मोडलेलं प्लास्टिक मॅनिफोल्ड हा वेगळाच खर्च आहे.

परत का येतं

धुतलेली गाडी सहा महिन्यांत पुन्हा मिस मारायला लागली तर दोन कारणं. पहिलं, चालवण्याची सवय तीच राहिली. आठवड्यातून एकदा तरी १५-२० किलोमीटर सलग पेट्रोलवर चालवा, इंजिन गरम झाल्यावर. टाकी पाव भरलेली ठेवा, त्याहून कमी नाही म्हणजे पंप थंड राहतो, आणि फुल्लही नको म्हणजे पेट्रोल महिन्या-दीड महिन्यात संपून ताजं भरलं जातं.

दुसरं कारण टाकीच्या आत. इंजेक्टरच्या जाळीत सापडलेला गाळ कागदावर पुसून बघा. लालसर कण दिसले तर कुठेतरी गंज आहे. काळे, चोळल्यावर पसरणारे रबरी कण दिसले तर जुना पाइप आतून सुटतोय. ई१० च्या काळातल्या गाड्यांत ई२० वर हे होऊ शकतं. दोन्ही प्रकारांत मागची सीट उचलून पंपाचं मॉड्यूल बाहेर काढायचं, खालची जाळी बदलायची, टाकीचा तळ पुसायचा आणि रेलपर्यंतचा रबरी पाइप इथेनॉल चालणारा घालायचा. फिल्टर मॉड्यूलमध्येच असेल तर तोही त्याच वेळी बदला. हे काम न करता तिसऱ्यांदा रेल उतरवू नका.